लायपोसक्शन : हिशेब किलोचा नव्हे, लिटरचा

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि मोठ्या शहरांतील सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्यांत चौकशीचे फोन वाढतात. लग्न जानेवारीत, साखरपुडा झालेला, ब्लाऊजची मापे अजून द्यायची आहेत. फोन कधी नवरीचा असतो, कधी तिच्या आईचा आणि अलीकडे नवरदेवाचाही. प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘लायपो केले तर किती किलो कमी होतील?’

पहिली गफलत या प्रश्नातच आहे. लायपोसक्शन ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही. शरीराच्या एखाद्या भागाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. कातडीला काही मिलिमीटरची छिद्रे पाडायची, त्यांतून बोथट टोकाची पोकळ नळी आत सरकवायची आणि कातडीखालची चरबी ओढून घ्यायची, इतके तिचे स्वरूप आहे. बरणीत तीन लिटर द्रव जमा झाला, तर तो सगळा चरबीचा नसतो. आधी आत सोडलेले सलाईन त्यात बरेच असते. शिवाय एक लिटर चरबीचे वजन साधारण नऊशे ग्रॅम. म्हणजे इतके सारे करून वजनकाट्यावर फरक दिसतो तो दोनेक किलोचा. पहिल्या आठवड्यात तर सूज आणि आत राहिलेले पाणी यांमुळे काटा उलट वर गेलेला दिसतो, आणि अनेक रुग्ण फसवणूक झाल्यासारखे चेहरे करून तपासणीला येतात.

दुसरी गफलत याहून खोल आहे. आपल्याकडे पोट सुटते ते केवळ कातडीखालच्या चरबीने नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबीदार अशी ही भारतीय ठेवण आहे. यातली घातक चरबी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिथवर लायपोसक्शनची नळी पोहोचत नाही. आणि पोहोचली, तर तो अपघात असतो. ढेरी चिमटीत धरून पाहावी. चिमटीत येते ती चरबी नळीने निघू शकते. चिमटीत न येता ढोलकीसारखी ताठ लागणारी ढेरी असेल, तर शस्त्रक्रियेने तिचे काही होणार नाही.

याची परीक्षाही झाली आहे. २००४ मध्येच अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी १५ लठ्ठ स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात लायपोसक्शन करून पाहिले. त्यांतील सात जणींना मधुमेह होता. प्रत्येकीच्या शरीरातून सरासरी नऊ ते साडेदहा किलो चरबी काढली गेली. दहा-बारा आठवड्यांनी तपासणी केली, तर रक्तदाब, रक्तातील चरबीचे प्रमाण, इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद यांपैकी कशातही सुधारणा नव्हती. तेवढीच चरबी चालून, जेवण आवरून कमी झाली असती, तर हे सारे आकडे सुधारले असते. ‘शुगर कमी होईल’ असे सांगून कोणी लायपोसक्शन सुचवत असेल, तर त्या दवाखान्याच्या पायऱ्या तिथूनच उतरलेल्या बऱ्या.

मग ही शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. व्यायाम करूनही मांडीवर किंवा कमरेवर हट्टाने राहिलेला फुगवटा, पुरुषांच्या छातीची स्त्रीसारखी वाढ, हातापायांत वेदनादायक चरबी साठण्याचा लिपिडीमा नावाचा आजार अशा ठिकाणी तिचा चांगला उपयोग होतो. जगात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांत तिचा क्रमांक वर्षानुवर्षे अगदी वर आहे, आणि बहुसंख्य रुग्ण चार काळेनिळे डाग आणि काही दिवसांचा ठणका सोसून कामाला लागतात. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. त्यांचे काय चुकते हे पाहिले, तर बहुतेक वेळा नळी धरणाऱ्या हाताइतकाच दोष आधी घेतलेल्या निर्णयांचा असतो. किती काढायचे, एका वेळी काय काय करायचे आणि रुग्णाला घरी कधी सोडायचे, हे ते निर्णय.

या शस्त्रक्रियेची सुरुवातच वाईट झाली. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये चार्ल्स द्युजारिए या शल्यचिकित्सकाने एका नर्तिकेचे पाय सुबक करण्यासाठी चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. गर्भाशय खरवडण्याचे हत्यार वापरल्याचे सांगतात. पायाची मुख्य धमनी दुखावली आणि शेवटी पाय कापावा लागला. त्यानंतर पन्नासेक वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७०च्या दशकात रोममध्ये आर्पाद आणि ज्यॉर्ज्यो फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी वापरली, आणि १९७७ मध्ये पॅरिसच्या ईव्ह-जेरार इलूझ यांनी पाठीवरची चरबीची गाठ बोथट नळीने ओढून काढली. बोथटपणा हाच त्यांचा शोध म्हणायला हवा. धारदार हत्यार समोर येईल ते कापत जाते. बोथट नळी मऊ चरबीतून वाट काढते आणि नसा, रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी बाजूला सरकतात. तरी रक्तस्राव फार व्हायचा. ओढून घेतलेल्या द्रवात २० ते ४५ टक्के रक्तच असे. रुग्णाला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागत.

यावर तोडगा काढला तो कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी, १९८५ मध्ये. चरबी ओढण्याआधी त्या भागात भरपूर सलाईन सोडायचे, त्यात भुलीचे औषध लिग्नोकेन अगदी विरळ करून मिसळायचे आणि रक्तवाहिन्या आवळणारे अ‍ॅड्रेनलिन त्याहून विरळ. सगळा भाग टम्म फुगतो, पांढुरका पडतो आणि बधिर होतो. या पद्धतीने रक्तस्राव ओढलेल्या द्रवाच्या एक टक्क्याच्या आसपास आला. पूर्ण भूल देण्याची गरजही कमी झाली. आज जगभर होते ते लायपोसक्शन बहुतांशी याच पद्धतीचे आहे. लेसर, ध्वनिलहरी वगैरे पुढची भर. जाहिरातीत यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण सुरक्षिततेत खरी क्रांती केली ती या खारट पाण्याने.

मात्र या पाण्यातच एक नवा हिशेब दडलेला आहे, आणि तो रुग्णालाही समजायला हवा. लिग्नोकेन हे दातांच्या डॉक्टरांपासून टाके घालणाऱ्या कंपाउंडरपर्यंत सर्वांच्या ओळखीचे औषध. अ‍ॅड्रेनलिनबरोबर दिले, तर त्याची नेहमीची कमाल मात्रा शरीराच्या दर किलोमागे सात मिलिग्रॅम. साठ किलोच्या स्त्रीला म्हणजे ४२० मिलिग्रॅम. क्लाइन यांनी दाखवले की विरळ करून चरबीत सोडल्यास किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे त्याच स्त्रीला २,१०० मिलिग्रॅम, देता येतात. नेहमीच्या पाचपट! हे शक्य होते, कारण चरबीत रक्तवाहिन्या कमी, त्याही अ‍ॅड्रेनलिनने आवळलेल्या. त्यामुळे औषध रक्तात ठिबकत ठिबकत उतरते. आता दर लिटर सलाईनमध्ये ५०० मिलिग्रॅम लिग्नोकेन घातले, तर २,१०० मिलिग्रॅमची मर्यादा सव्वाचार लिटरच्या आतच संपते. लिटरला एक हजार घातले, तर दोन लिटर झाले की थांबायला हवे. पोट, कंबर, दोन्ही मांड्या आणि दंड एकाच दिवशी करायचे ठरले, की हा आकडा किती लवकर ओलांडला जाईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि ठिबकत उतरणाऱ्या औषधाची सर्वात जास्त पातळी रक्तात येते ती शस्त्रक्रिया चालू असताना नव्हे, तर जवळपास बारा तासांनी. सकाळी दहाला टेबलावर घेतलेल्या रुग्णाची ती वेळ रात्री दहाची. तेव्हा तो बहुधा घरी असतो. ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडात धातूसारखी चव येणे, कानात गुणगुणणे, बोलणे अडखळणे, जास्त गुंगी येणे ही विषबाधेची पहिली लक्षणे. घरच्यांना वाटते, भुलीची गुंगी असेल, झोपू द्या. पुढची पायरी झटक्यांची आणि त्यापुढची हृदय थांबण्याची. या विषबाधेवर उतारा आहे तो सोयाबीन तेलापासून केलेल्या चरबीच्या सलाईनचा. चरबी काढताना झालेल्या विषबाधेवर औषध चरबीचेच, असा हा विचित्र योग आहे. पण ती बाटली शस्त्रक्रियागृहात हाताशी असावी लागते. रात्री साडेदहाला गावातल्या मेडिकल दुकानात ती मिळत नाही.

लिग्नोकेनची विल्हेवाट लावायचे काम यकृत करते, आणि काही औषधे यकृताच्या त्या कामात अडथळा आणतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके त्यांत येतात, तसेच बुरशीवरचे इट्राकोनॅझोल. गेली काही वर्षे नायट्याची साथ आपल्याकडे इतकी चिवट झाली आहे की इट्राकोनॅझोलच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय दुकानातून घेऊन महिनोन्‌महिने खाणारे घरोघरी सापडतात. ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला ते सरळ ‘नाही’ म्हणतात. नायट्याची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तसेच. त्यांनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून त्या आधी सांगितल्या पाहिजेत. वजन घटवण्याची नवी इंजेक्शने घेणाऱ्यांची जठरे उशिरा रिकामी होतात. सहा तास उपाशी असूनही पोटात अन्न राहते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भूलतज्ज्ञाला ही माहिती शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आधीच्या भेटीत मिळायला हवी.

न्यूयॉर्क शहरात १९९३ ते १९९८ या काळात अशा पद्धतीच्या लायपोसक्शननंतर झालेल्या पाच मृत्यूंचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही वाचण्यासारखा आहे. तिघांचा रक्तदाब शस्त्रक्रिया चालू असतानाच अचानक कोसळला, नाडी मंदावली, आणि शवविच्छेदनातही ठाम कारण सापडले नाही. चौथ्याच्या शरीरात पाणी जास्त झाले. पाचव्याच्या पोटरीतील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. पाणी जास्त होणे हे ऐकायला साधे वाटते. पण कातडीखाली सोडलेल्या पाण्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा नळीतून परत येत नाही. तो सावकाश रक्तात शोषला जातो. हे विसरून वरून शिरेतून नेहमीसारख्या सलाईनच्या बाटल्या लावल्या, की फुप्फुसात पाणी भरते. मे २०२२ मध्ये बंगळूरुत एका २१ वर्षांच्या कन्नड मालिका-अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हाही फुप्फुसात पाणी झाल्याचेच वृत्त आले होते. अशी बातमी दोन दिवस चालते, मग विरते.

एकूण धोका किती? याचे उत्तर कोणते लायपोसक्शन यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या एका पाहणीत १९९४ ते १९९८ या काळात सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांमागे ९५ मृत्यू निघाले, म्हणजे ५,२२४ शस्त्रक्रियांत एक. ठरवून, सोयीने करायच्या शस्त्रक्रियेसाठी हा आकडा फार मोठा होता. व्यवसायात खळबळ उडाली, मर्यादा आखल्या गेल्या. पुढच्या पाहणीत, १९९८ ते २०००, नुसत्या लायपोसक्शनचा आकडा ४७,४१५ शस्त्रक्रियांत एक इतका खाली आला. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा कोणी जाहिरातीत छापत नाही. लायपोसक्शनबरोबरच पोटाची सैल कातडी कापून शिवण्याची ‘टमी टक’ केली, तर मृत्यू ३,२८१ मागे एक. जवळजवळ चौदापट. उलट त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णाला जागे ठेवून, थोड्या भागावर, फक्त बधिर करून केलेल्या ६६ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत एकही मृत्यू नव्हता. जागा रुग्ण म्हणजे फुकटचा मॉनिटर! ‘डॉक्टर, ओठ बधिर झाले’ किंवा ‘इथे आत जोरात टोचले’ हे तोच सांगू शकतो. पूर्ण झोपवलेला रुग्ण काही सांगत नाही.

म्हणून आपल्याकडच्या एका लाडक्या युक्तिवादाची खरोखर भीती वाटायला हवी. ‘भूल देणारच आहात, तर सगळे एकदाच उरकून टाकू.’ सुट्टी एकदाच मिळते, खोलीचे भाडे एकदाच, सासूला एकदाच सांगावे लागते. पॅकेजही तसेच आखलेले असते : पोट केले तर दंडावर सवलत. पण वेळ वाढतो तशी गुठळीची शक्यता वाढते, लिटर वाढतात, शरीर थंड पडत जाते, रक्त जाते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. नऊ हिमोग्लोबिनच्या बाईला बारा हिमोग्लोबिनचा हिशेब लावून चालत नाही. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांची संघटना पाच लिटरच्या वर ओढण्याला ‘मोठे’ लायपोसक्शन म्हणते आणि अशा रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगते. पुढे साडेचार हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की एकच आकडा सर्वांना लावणेही बरोबर नाही : बीएमआयच्या प्रत्येक अंकामागे १०० मिलिलिटरच्या पुढे गेले की गुंतागुंत वाढते. बीएमआय २३ असलेल्या मुलीसाठी ही रेषा दोन लिटर तीनशेवर येते. पाच लिटर हे तिच्यासाठी ‘मर्यादेत’ नाहीत.

घरी गेल्यानंतरचे तीन दिवस

अनेक गंभीर गुंतागुंती टेबलावर दिसत नाहीत. त्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिसतात, आणि शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांत येतात, तेही बहुधा रात्री. पोटरी एकाच बाजूची दुखते, सुजते. मग अचानक दम लागतो, छातीत दुखते. ही फुप्फुसात गेलेली गुठळी. पहिल्या अमेरिकी पाहणीतील मृत्यूंचे सर्वात मोठे ज्ञात कारण हेच होते, जवळपास चौथा हिस्सा. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच रुग्णाला चालवतात. ‘आराम कर हो, उठू नकोस’ ही माया इथे उपयोगाची नाही. दुखावलेल्या चरबीचे थेंब रक्तात मिसळून फुप्फुसात आणि मेंदूत अडकले, तर एक ते तीन दिवसांत धाप लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके उठतात.

पोटात नळी शिरणे हा प्रकार सर्वात फसवा. नळीचा प्रवास कातडीशी समांतर हवा. पण बेंबीजवळ न ओळखलेला हर्निया असेल, सिझेरियन किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाची भिंत कमकुवत झाली असेल, तर नळी आत जाऊन आतड्याला भोक पडू शकते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. पोट दुखते, पण लायपोनंतर पोट दुखणारच, असे रुग्णही म्हणतो आणि फोनवरचा डॉक्टरही. वेदनाशामक वाढवले जाते. दोन-तीन दिवसांनी ताप, पोटफुगी, वेगाने पळणारी नाडी घेऊन रुग्ण येतो, तेव्हा पोटात पू झालेला असतो. वेदना दर दिवशी कमी व्हायला हवी. वाढत असेल, तर गोळी बदलायची नसते. सीटी स्कॅन करायचा असतो. आणि शस्त्रक्रियेआधी पोटाची सोनोग्राफी करून हर्निया नाही ना, हे पाहणे ही चैन नव्हे.

जर्मनीत १९९८ ते २००२ या पाच वर्षांत लायपोसक्शननंतर झालेल्या २३ मृत्यूंचा आणि इतर गंभीर गुंतागुंतींचा अभ्यास झाला. त्यात आघाडीवर होता तो जंतुसंसर्ग : कातडीखालचे आवरण तासातासाने सडवत नेणारा. स्वच्छतेच्या किमान नियमांचा अभाव, अनेक लिटर पाणी, रुग्णाची चुकीची निवड आणि घरी पाठवण्याची घाई ही कारणे अभ्यासकांनी नोंदवली. आपल्याकडे याला एक जोड आहे. लांब, पोकळ नळ्या आतून घासून मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक कराव्या लागतात. त्याऐवजी त्या रसायनात बुडवून, नळाच्या पाण्याने विसळून पुढच्या रुग्णाला वापरल्या, तर पाण्यात राहणारे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद आत शिरतात. जखमा भरून येतात, सगळे खुश होतात आणि काही आठवड्यांनी त्याच छिद्रांच्या जागी न दुखणाऱ्या गाठी उठून पातळ पू येऊ लागतो. नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. तपासणीत ‘टीबीसारखे’ दिसते म्हणून टीबीची औषधे सुरू होतात. त्यांनीही बऱ्याचदा गुण येत नाही. योग्य निदान आणि औषधे मिळून हे बरे होते, पण महिने जातात आणि सुबक केलेल्या पोटावर कायमचे खड्डे राहतात.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सुट्टीला पुण्या-मुंबईत आल्यावर दात, डोळे आणि आता लायपोही उरकून जाण्याची पद्धत पडू लागली आहे. खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात पंधरा-सोळा तास विमानात बसणे म्हणजे गुठळीला आमंत्रणच. उलट दिशेचा अनुभव अमेरिकेकडे आहे : सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी डॉमिनिकन रिपब्लिकला गेलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी ९३ जण २००९ ते २०२२ या काळात दगावले, आणि शवविच्छेदन झालेल्यांत गुठळी किंवा रक्तात गेलेली चरबी हीच मुख्य कारणे होती. त्यांतल्या अनेकींनी काढलेली चरबी नितंबांत भरून घेतली होती. ही ‘ब्राझिलियन’ म्हणून गाजलेली शस्त्रक्रिया सगळ्या सौंदर्यशस्त्रक्रियांत सर्वात धोक्याची ठरली आहे. तिचा आग्रह आता आपल्याकडेही ऐकू येऊ लागला आहे.

करायचेच ठरले, तर कोण करणार आणि कुठे, हे विचारायला संकोच नको. नावापुढे एम.सीएच. किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) आहे का, की दोन आठवड्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते. थोड्या भागावरचे, जाग्या रुग्णावरचे काम त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञही चांगले करतात. जागा शुश्रूषागृह म्हणून नोंदलेली हवी. ब्यूटी पार्लरच्या माडीवरची खोली म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे, तिथे कितीही महागडे दिवे असोत. पूर्ण भूल किंवा गुंगीचे औषध देणार असतील, तर भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथेच हजर हवा. ‘बोलावले की येतात’ हे उत्तर चालत नाही. मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, पूर्वीची गुठळी असेल, तर आधी फिजिशियनचे मत घ्यावे. ‘एवढ्या तपासण्या कशाला, छोटेसेच तर आहे’ असे म्हणणारा डॉक्टर रुग्णाचे दोन हजार रुपये वाचवत नसतो. आणि ईएमआयवर शस्त्रक्रिया विकणारा सल्लागार डॉक्टर नसतो, तो विक्रेता असतो. त्याला लिग्नोकेनचा हिशेब विचारून पाहावा.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर काय लिहून घ्यायचे, तेही सांगायला हवे. बहुतेक कार्डांवर ‘लायपोसक्शन अंडर जीए, अनइव्हेंटफुल’ एवढ्या ओळीच्या खाली पाच गोळ्यांची नावे असतात. त्याऐवजी आत किती लिटर द्रव सोडला, बाहेर किती आला, लिग्नोकेन एकूण किती मिलिग्रॅम आणि किती वाजता दिले, शिरेतून किती सलाईन गेले, कोणकोणत्या भागांवर काम झाले आणि रात्री उचलला जाईल असा डॉक्टरचा मोबाइल क्रमांक, एवढ्या नोंदी मागून घ्याव्यात. ते कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून न ठेवता उशाशी ठेवावे. मध्यरात्री दम लागलेल्या रुग्णाला घेऊन नातेवाईक दुसऱ्याच रुग्णालयात धावतात, तेव्हा ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला गुठळी, पाणी, लिग्नोकेन आणि फाटलेले आतडे यांतले काय आधी शोधायचे हे ठरवायला त्या पाच आकड्यांखेरीज हाताशी दुसरे काही नसते.